साळवे सर आणि अकराचा फॉल्ट

साळवे सर कोणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत, बटणांकडे बघतात. दारात उभे राहूनच त्यांची नजर भिंतींवरून एक चक्कर मारून येते. मीटर, बोर्ड, होल्डर, पंख्याची वायर असं सगळं बघून झालं की मग "बरं हाये ना सगळं?" हा प्रश्न येतो. तो घरातल्यांना विचारलेला असतो की मीटरला, हे नक्की सांगता येत नाही.

नुसतं बघून त्यांचं भागतही नाही. प्लग दिसला की ते ओढून बघतात. वायर दिसली की तिला दोन बोटांत धरून हलकासा हिसका देतात. त्यांनी कोणाशी हात मिळवला, तरी सोडताना एक बारीक हिसका बसतोच. "जोड डोळ्याला कळत न्हाई ताई, हाताला कळतो," असं ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले आणि आमच्या फ्रिजचा प्लग त्यांच्या हातात आला. "बघा," ते म्हणाले. "बराबर होता, पण बिलकुल बराबर नव्हता."

हे त्यांचं आवडतं वाक्य. जगातल्या सगळ्या गोष्टींचे त्यांनी तीन भाग पाडलेले आहेत. बराबर, बिलकुल बराबर आणि देवाच्या भरवशावर. तिसऱ्या भागात आमच्या गल्लीतले बहुतेक मीटर येतात.

सरांनी जन्मभर जालन्याच्या आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवला. निवृत्त झाल्यावर ते भोकरदनला आपल्या जुन्या घरी परत आले. त्यांच्याबद्दल गल्लीत जे किस्से सांगतात, त्यातला पुतण्याच्या सोयरिकीचा मला सगळ्यात आवडतो. मुलगी बघायला सर वडीलधारे म्हणून गेले होते. पोहे झाले, चहा झाला, मुलीने सगळ्यांना वाकून नमस्कार केला. बाहेर आल्यावर भावाने विचारलं, "कशी वाटली?" सर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "पोरगी लाख हाये. पण घराला अर्थिंग न्हाई." सोयरीक अर्थातच झाली. लग्नात सरांनी मुलीच्या बापाला आहेर काय केला, तर आठ दिवस आधी जाऊन त्याच्या अंगणात स्वतः खड्डा खणला, त्यात मीठ-कोळसा भरला आणि अर्थिंग करून दिलं. ते व्याही आजही सांगतात की लग्नातल्या बाकीच्या वस्तूंचं काय झालं आठवत नाही, पण साळवे सरांचा आहेर जमिनीत शाबूत आहे.

आता माझं सांगते. माझे यजमान हसनाबादला शाळेत शिकवतात, रोज मोटारसायकलने जाऊन येऊन करतात. मुलगी तिसरीत आहे. मी पुण्याच्या एका विमा कंपनीसाठी घरून काम करते. लोक फोन करून तक्रारी सांगतात, त्या ऐकून मी नोंदवते. हे फोन इंटरनेटवरून येतात आणि कंपनीची अट अशी की वायफाय चालणार नाही, थेट वायरचं कनेक्शन पाहिजे. आमच्या गल्लीत वसीमभाईंचं केबलचं नेट आहे. त्यांनी वायर ओढून दिली, लॅपटॉपला जोडून दिली आणि "टनाटन चालेल" असं सांगून गेले.

चाललंही. फक्त रोज सकाळी अकराच्या सुमाराला ते वीसेक मिनिटं बंद पडायचं.

समोरचा माणूस त्याच्या वडिलांच्या ऑपरेशनचं सांगतोय, रडवेला झालाय, आणि तेवढ्यात माझ्या बाजूने आवाज बंद. माणसाला वाटणार की बाईने फोन आपटला. असं दोन आठवडे झाल्यावर पुण्याच्या मॅडमनी मला शांत आवाजात सांगितलं, "वैशाली, तुझं काम चांगलं आहे. पण महिनाअखेरपर्यंत कनेक्शन सुधारलं नाही, तर तुला ऑफिसला येऊन बसावं लागेल." पुण्याला जाऊन बसणं म्हणजे नोकरी सोडणं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

वसीमभाई दोनदा येऊन गेले. ते यायचे संध्याकाळी, आणि संध्याकाळी नेट चांगलं असायचं. "ताई, तुमचा राउटरच खराब आहे," ते म्हणाले. मी राउटर बदलला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता नवा राउटर जुन्यासारखाच वागला. गल्लीत आणखी दोन घरांत कनेक्शन होतं, पण त्या वेळेला ती माणसं कामावर आणि पोरं शाळेत. अकराची साक्षीदार मी एकटीच.

शेवटी मी साळवे सरांकडे गेले. त्यांचं घर आमच्यापासून दोन दारं सोडून. सरांनी दार अर्धंच उघडलं, बाहेर येऊन ते मागे ओढून घेतलं आणि ओट्यावर उभ्यानेच माझी सगळी हकिकत ऐकली. ऐकताना त्यांचा चेहरा असा खुलत गेला, जणू मी पेढे घेऊन आले होते.

"रोज? अकरालाच?" त्यांनी विचारलं. "मंग सापडला समजा. कव्हाही येणारा फॉल्ट अवघड. वेळ पाळणारा फॉल्ट म्हणजे शिस्तीतला फॉल्ट. जल्दी सापडतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक वही आखून दिली. तारीख, वेळ, किती मिनिटं, हवा कशी होती, आणि शेवटचा रकाना होता 'संशय'. "रोज लिहायचं," ते म्हणाले. "आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की चोर सुटला."

चार दिवसांच्या नोंदी झाल्यावर आमच्या घरी रोजची तपासणी सुरू झाली. फॉल्टला रंगेहाथ पकडायचं म्हणून सर पावणेअकराला यायचे. हातात मंडईची पिशवी, खिशात टेस्टर. आणि मला त्यांचं इतकं कौतुक वाटायचं! लॅपटॉपवर कनेक्शन गेल्याची खूण दिसायची आणि दोन मिनिटांत जिन्यात त्यांच्या चपला वाजायच्या. किती वेळेवर येतो हा माणूस!

"गेलं का?" ते जिन्यातूनच विचारायचे.

"आत्ताच गेलं, सर."

"आज पंधरा मिनिटं आधी! म्हणजे आपण यायच्या आत उरकून घ्यायला बघून राह्यलं." त्यांना फॉल्टच्या हुशारीचा आनंद व्हायचा.

पहिल्या दिवशी त्यांनी राउटरचा अडॅप्टर बदलला. नेट आलं नाही. पाच-दहा मिनिटं खटपट करून एकदम घड्याळ बघत म्हणाले, "येतो, मंडईत काम हाये," आणि गेले. चहा कधीच घेतला नाही. ते गेल्यावर थोड्या वेळाने नेट आलं. मी आनंदाने फोन केला, "सर, आलं! अडॅप्टरच होता!" दुसऱ्या दिवशी परत गेलं. मग त्यांनी लॅपटॉपची वायर बदलली. ते गेल्यावर नेट आलं, म्हणजे वायरच होती. तिसऱ्या दिवशी परत तेच. अशा रीतीने आम्ही रोज एक नवा गुन्हेगार पकडायचो आणि तो दुसऱ्या दिवशी निर्दोष ठरायचा.

'संशय' या रकान्यात मग काय काय लिहिलं गेलं! एकदा खारूताई. एकदा माकड, कारण गच्चीवर अर्धा पेरू सापडला. एकदा समोरच्यांचा कूलर, त्यासाठी सरांनी समोरच्या आजींना भर उकाड्यात अर्धा तास कूलर बंद ठेवायला लावला आणि आजींनी त्यांना जे सुनावलं ते त्यांनी वहीत 'हवा' या रकान्यात लिहिलं, 'गरम'. एका दिवशी नुसतंच 'वसीम' असं लिहिलं होतं.

मग त्यांनी ठरवलं की बाहेरची वायरच बदलायची. ऊन वाढलं की पत्रा तापतो, पत्र्यावरची वायर ताणते आणि जोड सुटतो, असा त्यांचा हिशेब. वायर पंचवीस मीटर, म्हणजे तासाभराचं काम. सरांना पाच दिवस लागले. रोज यायचे, चार-पाच मीटर वायर खिळ्यांनी बसवायचे, प्रत्येक खिळ्याला हिसका देऊन बघायचे आणि वीस मिनिटं झाली की पायात विंचू दिसल्यासारखे खाली उतरायचे. "येतो ताई, मंडईत काम हाये." मला वाटायचं, निवृत्त माणसाला मंडईत रोज कसली एवढी घाई?

या सगळ्यात मी त्यांना एकदा विचारलं होतं, की वसीमभाईंनी गल्लीचा जो डबा तुमच्या गच्चीच्या भिंतीवर लावलाय, ज्यातून सगळ्या घरांना वायरी जातात, तो तर खराब नसेल? सर दुखावले. "त्याला माझ्या घरची लाइट हाये, जोडणी मी स्वतः केलेली. आन् आत बॅटरी हाये. लाइट गेली तरी चार तास चालतो. वसीमला विचारलं मी. बिलकुल बराबर हाये." सरांनी एखाद्या गोष्टीला बिलकुल बराबर म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, म्हणून तो विषय तिथेच सोडला.

महिना संपत आला. मॅडमनी कळवलं की गुरुवारी अकरा ते बारा त्या स्वतः माझे फोन ऐकत बसणार. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "गुरुवारी मी तुमच्या गच्चीवर उभा राहतो. वायर हातात धरून. बघतो कसं जातं."

गुरुवारी पावणेअकराला कनेक्शन गेलं. जिन्यात चपला वाजल्या. अकरा वाजले. सर टेस्टर घेऊन वर-खाली करत होते, वायर ओढत होते, कपाळावरचा घाम पुसत होते. अकरा वाजून पाच मिनिटांनी माझ्या मोबाइलवर मॅडमचा निरोप आला, 'मी वाट बघते आहे.' आणि माझा तोल गेला.

"सर, बस करा आता! तुम्ही आलात की जातं! आलात की जातं!"

मी मोठ्या माणसाला असं कधी बोलले नव्हते. सर हातातला टेस्टर बघत उभे राहिले. मग तो खिशात ठेवला, पिशवी उचलली. "चुकलं ताई," एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले. आज मंडईचं नावही काढलं नाही. पाच मिनिटांत नेट आलं. मॅडमनी उरलेला वेळ माझे फोन ऐकले, शेवटी म्हणाल्या, "आणखी एक आठवडा देते. शेवटचा."

संध्याकाळी माफी मागायला जायचं ठरवत मी ती वही उघडून बसले. वेळेचा रकाना वाचत गेले. सर येत नव्हते तेव्हा अकरा. सर पावणेअकराला येऊ लागले तेव्हा पावणेअकरा. एकदा ते दहाला आले होते, त्या दिवशी दहा वाजायला दोन मिनिटं. मी रागाने जे बोलले होते, ते वहीत तीन आठवडे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

शुक्रवारी सर आले नाहीत. अकरा वाजता कनेक्शन गेलं. मी हेडफोन काढून ठेवला आणि सरळ त्यांच्या घरी गेले.

दाराला बाहेरून कडी होती. गच्चीच्या भिंतीवरच्या डब्यातले सगळे दिवे विझलेले. बॅटरी चार तास चालणार होती, ती चार मिनिटंही चालत नव्हती. परत फिरणार तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "कोण आहे?"

आत अंधुक खोलीत सरांच्या पत्नी कॉटवर बसल्या होत्या. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, गल्ली त्यांना बाईच म्हणते. वर्षभरात त्या बाहेर दिसल्या नव्हत्या. गुडघे दुखतात, असं सर सांगायचे. पंखा बंद होता आणि बाई एका जुन्या वहीने वारा घेत होत्या.

"बाई, लाइट गेली का?" मी विचारलं.

"सर लाइट घेऊन गेलेत," बाई शांतपणे म्हणाल्या. "येतील आता. आल्यावर देतात."

मी खिडकीचे गज धरून उभी राहिले. बाईंनी मला विचारलं, तू कितवीत आहेस. मी सांगितलं, माझी मुलगी तिसरीत आहे. त्या म्हणाल्या, "तिसरीला भागाकार येतो. घाबरू नकोस."

तेवढ्यात सर आले, जवळजवळ पळतच. मला बघून थबकले. पिशवीत मेथीची जुडी होती आणि मेथीवर गॅसचा रेग्युलेटर ठेवलेला होता.

मी फक्त वर बोट केलं. सरांनी डब्याकडे बघितलं, मग कडी काढून आत गेले आणि दारामागची मेन वर केली. पंखा फिरला. बाहेर डब्यातले हिरवे दिवे एकेक करून लागले. सर ओट्यावर आले आणि बराच वेळ त्या दिव्यांकडे बघत राहिले.

"बॅटरी मेलेली," ते म्हणाले. "आन् मी एकदाबी उघडून बघितली न्हाई. वसीम म्हनला आन् मी मानलं. पोरांना जन्मभर शिकवलं की दुसऱ्याच्या सांगण्यावर भरोसा ठेवायचा न्हाई."

मग ते पायरीवर बसले. मीही बसले.

"मागच्या वर्षी मी दूध आणायला गेल्तो," ते सांगू लागले. "हिनं रिकाम्या बादलीत हीटर लावला. बादली वितळली. मी टायमावर आल्तो म्हणून. मंग तव्हापासून घराबाहेर पाय ठेवायचा तर मेन बंद करायची, रेग्युलेटर काढून संगं घ्यायचा. सकाळच्या गोळीनं ती अकराला जराशी निवांत असते. तेवढ्यात मी जाऊन येतो. वीस मिनिटं. त्याच्यावर न्हाई."

"आणि त्याच वीस मिनिटांत तुम्ही माझ्याकडे येत होतात?"

"तुमचं काम अडून राह्यलं होतं ना."

"कोणाला सांगितलं का नाही, सर?"

"पोरगा हाये पुण्याला. त्याला कळलं तर दोघांना घेऊन जातो म्हणंल. चांगला हाये तो. पण तिला या घरात अजून बाथरूम सापडतं, ताई. चूल कुठं, खिडकी कुठं, हाताला माहीत हाये. तिथं चौथ्या मजल्यावर तिला काय सापडणार?"

मी त्यांची गुरुवारच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "माफी कशाची? तुम्ही फॉल्ट बराबर सांगितला."

त्याच दिवशी त्यांनी वसीमभाईंना बोलावून घेतलं. वसीमभाईंना ओट्यावर उभं करून बॅटरी या विषयावर जो तास घेतला, तो सगळ्या गल्लीने ऐकला. दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी आली. डब्याची लाइटही आमच्या मीटरवरून घेतली. ती वायर सरांनीच ओढली, पण या वेळी बाई माझ्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या, त्यामुळे काम पाऊण तासात झालं. पुढच्या गुरुवारी मॅडमनी पूर्ण तास माझे फोन ऐकले आणि पुण्याला येण्याचा विषय संपला.

बाईंचं मात्र ठरूनच गेलं. रोज पावणेअकराला सर त्यांना हाताला धरून जिना चढवतात आणि मंडईत जातात. बाई माझ्याजवळ कॉटवर बसतात, समोर ताटात मेथी किंवा शेंगा. मी फोनवर बोलत असते तेव्हा त्या लक्ष देऊन ऐकतात. त्यांना वाटतं माझा वर्ग चालू आहे. एकदा मला हळूच म्हणाल्या, "आवाज जरा मोठा काढ. मागच्या बाकापर्यंत गेला पाहिजे." तेव्हा फोनवर असलेले काका म्हणाले, "नाही नाही, ऐकू येतंय मला."

पहिले काही दिवस सर सात-आठ मिनिटांतच धापा टाकत परत यायचे. "सर, सावकाश या," मी रोज सांगायचे. सात मिनिटांची दहा झाली, दहाची पंधरा. मुलालाही त्यांनी एका रविवारी फोन करून सगळं सांगितलं. तो येऊन दोन दिवस राहून गेला, बाईंना घरात वावरताना बघितलं आणि घेऊन जायचं काही बोलला नाही. आता दर पंधरा दिवसांनी येतो.

परवा सर गेले ते पाऊण तास झाला तरी आले नाहीत. मी दोनदा जिन्यात डोकावून आले. बाईंनी शेंगा सोलून संपवल्या आणि रिकाम्या ताटावर हात फिरवत बसल्या. शेवटी जिन्यात चपला वाजल्या, आज सावकाश. दारात सर उभे होते. कटिंग केलेली, गुळगुळीत दाढी, मानेवर पावडर. इतके दिवस त्यांचे केस कॉलरवर आले होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"न्हाव्याकडं नंबर होता," ते ओशाळून म्हणाले. "मंग स्टँडवर भजे गरम निघून राह्यले होते. थांबलो जरा."

बाई त्यांच्याकडे बघत होत्या. बघता बघता त्यांनी पदर सावरला आणि माझ्याकडे झुकून हलक्या आवाजात विचारलं, "हे कोणाकडचे पाहुणे?"

सरांनी ते ऐकलं. पिशवी हळूच खाली ठेवली आणि बाईंच्या समोर येऊन उभे राहिले.

"मी साळवे," ते म्हणाले. "तुमच्याकडंच आलोय."

बाईंनी त्यांना नीट निरखलं. मग ताट उचलून बाजूला ठेवलं, कॉटवर थोड्या सरकल्या आणि शेजारच्या जागेवरून हात फिरवून चादर सारखी केली.

"मग उभे का?" त्या म्हणाल्या. "बसा ना."

सर बसले. मला पुढचा फोन आला होता. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि तो घेतला.